उतारावर दुसरा गिअर

मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे सव्वापाचला भागवत गाडी अंगणातून ढकलत रस्त्यापर्यंत नेतो आणि तिथे गेल्यावर किक मारतो. शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून. गाडी शंभर सीसीची, सोळा वर्षांची. सीटचा मागचा भाग त्याने दोन वर्षांपूर्वी जाड फोम टाकून नव्याने शिवून घेतला, तेवढाच त्या गाडीत नवा.

त्याची बायको शालूबाई मागे दोन्हीकडे पाय टाकून बसते. तिच्या अंगात राखीचा, म्हणजे लेकीचा, लग्नाआधीचा पंजाबी ड्रेस असतो. राखी लोणारला दिली. जाताना दोन जुने ड्रेस कपाटात राहिले, ते आता आईच्या कामी येतात. पन्नाशीच्या बाईने असं बसावं याचं गावात पहिले काही दिवस बोलणं झालं. नंतर बोलणारेही कंटाळले. घरी परतल्यावर शालूबाई आधी ड्रेस बदलून साडी नेसते, मग पाणी मागते. पाणी मोजून मिळतं.

ती नीट बसली की भागवत जुन्या सुती लुगड्याची चौघडी दोघांच्या कमरेभोवती घेतो आणि आपल्या पोटावर गाठ मारतो. जाताना या पट्ट्याची तशी गरज नसते. येताना ती झोपते.

दोन वर्षं चार महिने झाले. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला जाऊन चार तास यंत्राला हात द्यायचा. भागवतचं गाव घाटाखाली, बुलढाणा घाटावर. मध्ये राजूरचा घाट. यंत्राची पाळी साडेसहाची मिळाली आणि पहिली बस साडेआठला पोचते. दोनदा ऑटो करून पाहिला. ऑटोने तिला इतकं उसळवलं की दुसऱ्या वेळी ती घाटातच उतरून रस्त्याच्या कडेला बसली. बुलढाण्यात खोली घेऊन राहायला ती तयार नव्हती.

"खोलीत मी काय करू? भिताडाकडे पाहू?" ती म्हणाली होती. "गाडीवर बसवते तवापर्यंत येईन. ज्या दिवशी बसवणार नाई, त्या दिवशी मले नेऊ नका."

हे तिने रागाने किंवा रडून म्हटलं नव्हतं. फाटलेल्या उशीचं आता काय करायचं ते सांगावं, तसं म्हटलं. पण डायलिसिसच्या खोलीतल्या मंजुश्री सिस्टरने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की दोन पाळ्या लागोपाठ चुकल्या तर पाणी छातीत चढेल. या दोन बोलण्यांची बेरीज त्याने रस्त्यावर केली. शालूचं येणं गाडीवर बसवण्यावर अवलंबून होतं, आणि गाडीवर बसवणं त्याच्या हातापायांवर.

तेव्हापासून तो गाडी वेगळी चालवायला लागला.

गिअर बदलताना थ्रॉटल आधी सुटला की गाडी अडखळते, मागचं माणूस पुढे येतं. उशिरा सुटला की हिसका बसतो, माणूस मागे जातं. भागवतचं मोजमाप एकच होतं : शालूचं कपाळ. गिअर बदलताना तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं, की तो गिअर चुकला. पहिल्या महिन्यात घरापासून दवाखान्यापर्यंत वीस-बावीस वेळा कपाळ टेकायचं. मग दहा वेळा. सहा महिन्यांनी असा एक शुक्रवार आला की एकदाही टेकलं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं, पण कुणाला सांगणार.

चढाला तो लवकरच दुसरा टाकायचा. तिसऱ्यात गाडी चढते, पण कण्हत चढते, आणि ते कण्हणं सीटमधून मागच्याच्या माकडहाडात जातं. गतिरोधकाच्या आधी पहिला, आणि ओलांडताना ब्रेक सोडून किंचित रेस. खड्डा चुकवता येत नसेल तर सीटवरून स्वतः थोडं उठायचं, म्हणजे मागचा धक्का थोडा कमी होतो. पुढचा ब्रेक जवळपास नाहीच. पुढचा दाबला की गाडी नाक खुपसते.

हे त्याला जमलं यात आश्चर्य नव्हतं. वीस वर्षं त्याने याच घाटातून दूध वाहिलं होतं. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या कॅना. दूध मागे-पुढे डुचमळतं, आणि डुचमळणारं ओझं चालवणाऱ्याला त्याच्या चुका लगेच सांगतं. घाटाखालचं दूध घाटावर पोचवायचं आणि रिकाम्या कॅना घेऊन परत यायचं. दूधवाल्यांचं परत येणं म्हणजे बंद गाडीचं. घाटाच्या माथ्यावर चावी फिरवायची, गाडी न्यूट्रल करायची आणि नुसती सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं, हे कारण. खरं कारण शर्यतीचं. बंद गाडी कुणाची कुठपर्यंत येते? बहुतेकांची घाटाच्या पायथ्याशी थांबायची. भागवतची एकदा गावाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आली होती. गिरणीवरच्या बायका अजून सांगतात.

शालूला आणतानाही तो घाट बंद गाडीनेच उतरायचा. आता शर्यत नव्हती. यंत्रावरून उठल्यावर तिचं अंग पिळून वाळत घातल्यासारखं होतं, डोकं ठणकायचं, आणि इंजिनची थरथर तिला सहन होत नव्हती. माथ्यावर चावी फिरवली की एकदम शांत. चाकांचा आवाज, वारा, चेनची बारीक टिकटिक. पहिल्या वळणाच्या आत तिचं डोकं त्याच्या पाठीवर यायचं. ते टेकणं वेगळं. ते तो मोजत नव्हता. लुगड्याच्या पट्ट्यात तिचं सगळं वजन त्याच्या पोटावर यायचं आणि तो एका हाताने गाठ चाचपत, पायाने ब्रेक धरत, तिला झोपेतच खाली आणायचा. दिवसातली ती एकच झोप तिला लागायची. रात्री पाय वळायचे.

मंजुश्री सिस्टर म्हणायची, "काकू, आज दोन किलो सहाशे पाणी काढलं. जाताना हलक्या जाल."

शेजारच्या पलंगावर नीळकंठराव असायचे. पंचायत समितीत कारकून होते, मुलगा कारने आणून सोडायचा. त्यांना बोलल्याशिवाय चार तास जात नसत.

"शालूबाई, तुमच्या पायलटले सांगा, दोन किलो कमी झालं, भाडं कमी कर."

"भाडं कोठी घेते तो," शालूबाई डोळे मिटून म्हणायची. "नुसता तोंड पाडून बसते बाहीर."

चैत्रातल्या एका मंगळवारी ते बाराच्या सुमाराला घाटाच्या माथ्यावर आले. ऊन पांढरं झालेलं. भागवतने चावी फिरवली. दुसऱ्या वळणावर पुढे एक ट्रॅक्टर लागला, ट्रॉलीत कडबा, आणि कडबा दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की अख्खा रस्ता त्याचा. ओलांडायला जागा नव्हती. खालून गाड्या येत होत्या. भागवत ब्रेकवर पाय ठेवून मागे राहिला. एक वळण, दोन वळणं. पाऊण किलोमीटर असा गेला असेल. शालू केव्हाच झोपली होती.

आधी वास आला. जळक्या रबराचा असावा असा, पण त्याहून कडू. मग पायाखालचा ब्रेक खाली गेला, अजून खाली गेला, आणि जिथे नेहमी गाडी धरते तिथे काहीच नव्हतं. त्याने पुढचा ब्रेक दाबला. दांडा मुठीला टेकला. गाडी थोडी नमली आणि पुन्हा सुटली. ट्रॉली वीस हातांवर होती, मग पंधरा.

त्याला भीती वाटायला वेळ मिळाला नाही. चावी फिरवली. क्लच दाबून धरला आणि डाव्या पायाने मोजून तीनदा खाली : पहिला, दुसरा, तिसरा. या वेगात पहिल्यातच क्लच सोडला असता तर मागचं चाक जागीच अडलं असतं आणि दोघं रस्त्यावर गेली असती. तिसऱ्यात त्याने क्लच हळू सोडला. इंजिन खोकलं, लागलं. शालूचं डोकं त्याच्या मानेवर आदळलं. मग दुसरा. इंजिन किंचाळलं, गाडी मागे ओढल्यासारखी झाली, पण ट्रॉली आता आठ हातांवर होती आणि कडब्याची टोकं दिसत होती, एकेक.

डावीकडे डोंगराच्या बाजूला मुरूम पडला होता. त्याने गाडी त्यात घातली. चाक रुतलं, गाडी डावीकडे कलली, आणि डावीकडे शालूचा डावा हात होता. त्याच हाताची शीर आणि धमनी डॉक्टरांनी जोडलेली. सुया त्यातच टोचायच्या. तो हात गेला तर यंत्राला द्यायला काही उरत नाही. भागवतने अंगातला सगळा जोर लावून गाडी उजवीकडे टाकली. तो खाली, त्याच्या उजव्या पोटरीवर तापलेला सायलेन्सर, आणि पट्ट्याने बांधलेली शालू त्याच्या अंगावर.

ट्रॅक्टर पुढच्या वळणाआड गेला. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नव्हतं.

"गाठ सोडा," शालू म्हणाली.

"हात पाह्य. हात."

"वरच हाये हात. गाठ सोडा आधी."

ताणाने गाठ आवळली होती. त्याने दाताने सोडवली. पाय ओढून काढला. पोटरीची कातडी सायलेन्सरला चिकटून राहिली, ते त्याने नंतर पाहिलं. शालूच्या दंडाखालची पट्टी जागेवर होती, रक्त नव्हतं. पण रक्त नसणं पुरेसं नव्हतं. सिस्टरने शिकवलं होतं, रोज सकाळी त्या जागी तळवा ठेवायचा. आत थरथर लागली म्हणजे रक्त वाहतं आहे. लागली नाही तर तडक दवाखाना.

त्याने तळवा ठेवला. तळवाच थरथरत होता. सकाळपासून मूठ धरलेली, वरून हे. इंजिन बंद पडून मिनिट झालं होतं आणि त्याच्या हातात अजून इंजिन चालू होतं. तिची थरथर कोणती आणि आपली कोणती, हे त्याला कळेना.

"लागते का?"

"समजून नाई राह्यलं."

"दुसरा हात लावा."

दुसऱ्या हाताचंही तेच. त्याने दोन्ही तळवे पँटीवर घासले, मुठी उघडमिट केल्या, पुन्हा ठेवले. एक मोटारसायकल वरून आली, थोडी थांबल्यासारखी झाली, गेली.

"कान लावा ना," शालू म्हणाली.

तो मुरमात गुडघ्यांवर बसला आणि तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कान टेकवला. आधी स्वतःचंच ऐकू आलं. श्वास धरला. मग, खूप आतून, लांबच्या गिरणीचा पट्टा फिरत असावा तसा आवाज. येत होता. थांबत नव्हता.

"हाये?"

"हाये."

"मंग उठा आता. माह्या पायावर टोंगळा हाये तुमचा."

ते तिथे अर्धा तास बसले. ब्रेकचा डबा थंड व्हायला तेवढा वेळ लागला. निघताना ती म्हणाली, "अवो, मले आता नाई होत."

उरलेला घाट त्याने पहिल्यात उतरला, पायी चालणाऱ्याच्या गतीने.

दुसऱ्या दिवशी तो गाडी गजेंद्रकडे घेऊन गेला. फाट्यावर गजेंद्रचं दुकान, वय पस्तीस, पण हातांमुळे म्हातारा वाटतो. त्याने मागचं चाक काढून ब्रेकचे शू बाहेर घेतले आणि भागवतच्या पुढे धरले. सतत घासून, तापून वरचा थर काचेसारखा चकचकीत झाला होता.

"काय हो भाऊ, अजून शर्यतीत हाये का तुम्ही?"

"शर्यत कायची. तुही वयनी झोपते ना मांगं. चालू गाडीनं तिचं डोस्कं दुखते."

"बंद गाडीनं आणता वयनीले?"

"वीस वर्सं आणलं दूध तसंच."

"दूध नेलं तुम्ही, भाऊ," गजेंद्र म्हणाला. शू फडक्याने पुसत राहिला. "आणल्या त्या रिकाम्या कॅना."

भागवत बाकड्यावर बसला. समोर एक पोलादी पाना पडला होता, त्याच्याकडे पाहत राहिला. हे इतकं साधं होतं. वीस वर्षांत त्याने या घाटातून भरलेली गाडी फक्त वर नेली होती. खाली कधी आणली नव्हती. उतारावरचं त्याचं सगळं शहाणपण रिकाम्या गाडीचं होतं, आणि त्या शहाणपणावर विसंबून त्याने दोन वर्षं तिला बांधून खाली आणलं.

"चढतानी कोणता टाकता?" गजेंद्रने विचारलं.

"दुसरा."

"मंग उतरतानी थोच ठेवा. इंजिन धरून ठेवते गाडीले. ब्रेक फक्त वळणावर, दाबा-सोडा, दाबा-सोडा. धरून ठेवू नका. न्यूट्रलचं नावच काढू नका."

"लय थरथरते दुसऱ्यात."

"थरथरन ना. गाडी हाये ते." मग शू खाली ठेवत तो म्हणाला, "थरथर कमी करनं माह्या हातात हाये थोडंसं. इंजिनचे बोल्ट कसून देतो, रबरं नवे टाकतो. पण सारंच नाई जाणार."

गुरुवारी संध्याकाळी भागवतने शालूला काही विचारलं नाही. पोटरीला मलम लावत ओट्यावर बसला. ती आत दिवा लावत होती. राखीचा फोन आला. शालू तिच्याशी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलली, जे तिला खायचं नव्हतं, आणि पडल्याबद्दल बोलली नाही. भागवतला वाटलं, हे असंच संपेल. भांडण होणार नाही, रडणं होणार नाही. उद्या पहाटे ती उठणार नाही, आणि आपण गाडी रस्त्यावर नेऊन पुन्हा आत आणू. आणि खरं सांगायचं तर या विचाराच्या तळाशी एक फार थकलेली, लाज वाटावी अशी शांतता होती. उद्या पाचला उठायचं नाही. त्या शांततेवर त्याने काही क्षण पाठ टेकली, मग उठून हात धुतले.

शुक्रवारी सव्वापाचला त्याने गाडी रस्त्यावर ढकलत नेली. किक मारली नाही. उभा राहिला. कोपऱ्यावरचा कुत्रा येऊन चाकाचा वास घेऊन गेला. दार वाजलं, आणि ती आली, ड्रेस घालून, ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली.

"आज येऊन राह्यली," ती म्हणाली. "पुढचं काय, थे घाट उतरतानी सांगीन."

चढताना एकदाही कपाळ टेकलं नाही.

खोलीत नीळकंठरावांनी विचारलं, "पायलटनं पाडलं म्हणे?"

"कोण सांगे?"

"थोच सांगत होता सिस्टरले. लायसन पाहून घ्या, शालूबाई."

"त्यानंच अंग खाली घातलं," ती म्हणाली आणि डावा हात सिस्टरपुढे केला. सिस्टरने तळवा ठेवून हात तपासला, सुया टोचल्या. भागवत बाहेर बाकावर बसून चार तास तोच विचार करत राहिला, जो विचारही नव्हता : वळण, दाबा-सोडा, वळण.

माथ्यावर त्याने चावीला हात लावला नाही. दुसऱ्यात टाकून रेस पूर्ण सोडली. गाडी गुरगुरायला लागली. गजेंद्रने बोल्ट कसले होते, तरी सीट, पायदान, टाकी, सगळ्यांत ती बारीक थरथर भरून राहिली. पाठीवर डोकं आलं नाही. ती जागी होती. तिचा उजवा हात त्याच्या खांद्यावर होता आणि तो आवळत होता, सुटत होता. भागवतला वळणं पहिल्यांदाच इतकी जास्त वाटली.

तिसऱ्या वळणानंतर ती म्हणाली, "थांबवा."

त्याने कडेला घेतली. गाठ सोडली. ती उतरली, दोन पावलं गेली आणि दगडाला धरून ओकली. पोटात फारसं काही नव्हतंच. मग दगडावर बसली. भागवतने बाटली दिली. तिने गुळणी केली, गिळलं नाही. खाली दरीत पानं झडलेला साग होता, आणि त्यापलीकडे घाटाखालचा सगळा सपाट मुलूख, उन्हात फिकट, ज्यात कुठेतरी त्यांचं घर.

तो उभाच राहिला. बोलायचं होतं ते तिने बोलायचं होतं.

एक बस वर गेली. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"डोस्कं फुटून राह्यलं," ती म्हणाली.

"हाव."

"दोन वर्सं मले ह्या वळणाचं तोंड मालूम नव्हतं. कितीक राह्यले आखीन?"

"सात."

"सात." तिने मान खाली घातली. तळवा आपल्याच डाव्या हातावर ठेवला, काढला. "एका दमात नाई होत मले सात. आता चार झाले का थांबवा. मंग तीन."

"थांबवतो."

"मंगळवारी बी असंच लागन. घरी पोचाले दोन वाजतीन."

"वाजू दे."

ती उठली. गाडीजवळ आली, त्याच्या खांद्याला धरून पाय टाकला आणि नीट मागे सरकून बसली. त्याने पट्टा घेतला. पोटावर गाठ मारली, ओढून पाहिली.

"पह्यल्यात हळू न्यू का?" त्याने विचारलं. "हिसके कमी बसतीन."

"नको. पह्यल्यात त्या दिवशी आणली ना तुम्ही खालपर्यंत, थे आखीन वंगाळ. दुसऱ्यातच राहू द्या."

त्याने किक मारली. लागली नाही. दुसऱ्यांदा लागली.